सुमनला न लागणारी गाडी

आमच्या सुमनला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. मंठाळची वेस ओलांडायच्या आत तिचा चेहरा पांढरा पडायचा, पदर तोंडाशी जायचा आणि पुढच्या पुलावर मला जीप बाजूला घ्यावी लागायची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यातली तेहेतीस मी हेच बघत आलो. लिंबू हुंगून झालं, आल्याच्या वड्या झाल्या, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं, बीदरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. तिचं माहेर मादन हिप्परगा, आळंद तालुक्यात. वाट जेमतेम दोन तासांची. पण त्या दोन तासांत ती अशी पिळवटून निघायची की माहेरचा पहिला दिवस अंथरुणात जायचा आणि दुसरा परतीच्या धास्तीत. शेवटी तिनं जाणंच सोडलं. एखादं लग्न, एखादी मयत, तेवढंच.

बसनं पाठवा असं सुचवणारे शहाणे गावात होते. दारात स्वतःची जीप उभी असताना उद्धवरावाच्या बायकोनं सरकारी बसमध्ये दांडी धरून उभं राहायचं? माझं मंठाळात खत-बियाण्याचं दुकान होतं. पस्तीसेक वर्षं मी ती डिझेलची जीप खेड्यापाड्यांतून पळवली. एक अपघात नाही, एक दंड नाही. गाडी चालवण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये आणि कुणी येतही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या बालाजीनं, म्हणजे आमच्या मुलानं, त्याची जुनी हायब्रिड गाडी आम्हाला आणून दिली. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन तर आहेच, शिवाय मागच्या सीटपाठीमागे ट्रंकेएवढी बॅटरी. हळू चाललं की इंजिन गप्प बसतं आणि गाडी बॅटरीवर निघते. ब्रेक हलका दाबला की तीच बॅटरी पुन्हा भरते. समोर एक पडदा असतो. त्यावर हिरवं पान उगवतं, आणि प्रवास संपला की तुम्ही कशी चालवली त्याचे शंभरपैकी मार्क पडतात.

पहिल्या दिवशी मला एक्केचाळीस पडले. शाळेत मी कायम पहिला आलेला माणूस. एक्केचाळीस हा आकडा मी बालाजीच्या प्रगतिपुस्तकातही खपवून घेतला नसता. महिन्याभरात मी ब्याण्णववर गेलो. पुढचा खड्डा दोनशे फुटांवरून हेरायचा, पाय अलगद उचलायचा, ब्रेकवर असा ठेवायचा की गाडीला कळूसुद्धा नये. बकरं आडवं आलं तरी शिवी न घालता थांबायचं, कारण शिवीबरोबर पाय जोरात पडतो आणि पान सुकतं. संध्याकाळी हॉटेलात मी मार्क जाहीर करायचो. लोक हसायचे. हसू देत.

आणि सुमनला ही गाडी लागली नाही. आवाज नाही, डिझेलचा वास नाही, म्हणून लागत नसेल असं मी सगळ्यांना सांगायचो. ती महिन्या-दोन महिन्यांनी माहेरी जाऊ लागली. गेल्या नागपंचमीला तर ती आणि तिची गावातच दिलेली थोरली बहीण चन्नव्वा, एक साठीची आणि एक पंचाहत्तरीची, माहेरच्या कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसल्या. आमच्याकडं दिवाळीला पोरगी माहेरी आली नाही तर चालतं, पंचमीला आलीच पाहिजे. भाऊ नाहीतर भाच्चा मुराळी म्हणून न्यायला येतो. तेहेतीस वर्षं बसनं आलेला मुराळी आमच्या दारातून लाह्या खाऊन मोकळाच परत गेला होता.

या वैशाखात चन्नव्वाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं अर्धं राहिलं. सुमनच्या भावानं, अमृतप्पानं फोन करून निरोप दिला, "अक्का मनायलीय, पंचमीला सुमन आली पायजे. फुडच्या पंचमीचं मी सांगत न्हाई मनली."

मी फोन सुमनच्या हातातून घेतला आणि म्हणालो, "आणतो. माझा शब्द."

शब्द दिला आणि गाडीनं मान टाकली.

आधी मागच्या सीटजवळचा पंखा घरघरू लागला. मग पडद्यावरचे बॅटरीचे खाने एका मिनिटात भरायचे आणि पुढच्या मिनिटात रिकामे व्हायचे. मग लाल त्रिकोण. मग एके सकाळी पेठेत, गुरुवारच्या बाजारात, भर रस्त्यात गाडी उभी राहिली ती राहिलीच. सल्ले द्यायला अख्खा बाजार जमला. एक म्हणे बॅटरीत पाणी घाला. एक म्हणे उतारावर नेऊन ढकला. ज्यांनी आयुष्यात बैलगाडीच्या चाकाला वंगण घातलं नाही ते मला हायब्रिड समजावून सांगत होते.

बालाजीला फोन लावला. तो म्हणाला, "अप्पा, भंगारात देऊन टाका. दुसरी बघू."

"तुझ्या आईला लागत न्हाई अशी दुसरी कुठली हाय, सांग."

तो म्हणाला, "कंपनीची नवी बॅटरी मागवा." कंपनीच्या माणसानं सहा आठवडे सांगितले. पंचमीला सतरा दिवस होते.

दुकानात पूर्वी कामाला असलेल्या एकानं हुमनाबादच्या नागेशचं नाव सांगितलं. हायवेवर गॅरेज आहे, मूळचा कमठाण्याचा, आयटीआय करून हैदराबादेत सहा वर्षं अशाच गाड्यांवर काम केलेला. मी त्याला फोन लावला तेव्हा गाडीला दोरी बांधून झाली होती, ट्रॅक्टर सुरू झाला होता. तो पलीकडून म्हणाला, "काका, दोरीनं वढू नका. फुडची चाकं फिरली की मोटर जळतीय. टेम्पोत चढवून आणा."

"आधी सांगायला काय झालं तुला?"

"आताच तर फोन केलाव तुमी," तो म्हणाला.

हा नागेश म्हणजे तिशीतला, सडपातळ आणि असह्य शांत माणूस. कामाला हात लावायच्या आधी त्यानं रबरी हातमोजे काढले आणि एकेका मोज्यात तोंडानं हवा भरून फुग्यासारखे फुगवून कानाशी धरले. मी विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, "सुईएवढं भोक असलं तरी करंट येतोय. दोनशे व्होल्ट हाय आत." मग त्यानं मागून एक नारिंगी रंगाचा मुठीएवढा प्लग उपसून काढला. तो निघाला की बॅटरीचे दोन भाग एकमेकांपासून तुटतात आणि गाडी मेल्यागत होते. प्लग त्यानं पँटच्या खिशात घातला, वर बटण लावलं आणि घड्याळ बघत दहा मिनिटं नुसता बसून राहिला. करंट जिरायला दहा मिनिटं लागतात म्हणे. माझा जीव त्या दहा मिनिटांत वर आला.

सीट काढल्यावर त्यानं मला बोलावलं. "काका, ह्या सीटवर काय टाकत होता?"

"गोधडी."

"कामून?"

"म्हशीला सरकीची पेंड आणतो. पोती ठेवली की सीट घाण होतीय, मनून गोधडी."

त्यानं सीटच्या कडेची जाळी दाखवली. तळहाताएवढी जाळी, पेंडीच्या भुकटीनं आणि गोधडीच्या सुतानं गच्च बुजलेली. "बॅटरी हितनं वारं घेतीय. तुमी तीन वरसं तिचं नाक दाबून धरलाव. तापून तापून मेली बिचारी."

"हे पुस्तकात लिहिलंय का?"

"हौ. चित्रासकट."

मी तिथूनच बालाजीला फोन लावला. एवढी महत्त्वाची गोष्ट बापाला सांगायची नाही का? तो म्हणाला, "सांगितली होती अप्पा. दोनदा. तुम्ही म्हणलात, मला शिकवू नकोस." मी फोन ठेवला. रेंज नव्हती असं नागेशला सांगितलं.

नागेशच्या मते एकच मार्ग होता. हैदराबादेत अपघाती गाड्या सुट्या करून विकणारे लोक आहेत. समोरून ठोकर बसलेली याच मॉडेलची गाडी सापडली तर तिची मागची बॅटरी शाबूत असते. त्यानं चार ठिकाणी फोन केले आणि पाच दिवसांनी एक बॅटरी आली. मी सकाळीच हुमनाबाद गाठलं. जीपनं. नागेशनं पेटीवरचा नंबर वाचला, मागं फिरून वायरीचं टोक बघितलं आणि मान हलवली.

"ही न्हाई चालायची. मॉडेल तेच, पन दोन वरसं पुढची हाय. कनेक्टर येगळं."

"वायर तोडून जोड की."

"तारा जुळतील. आतलं डोकं जुळायचं न्हाई. गाडी हिला वळखायचीच न्हाई, काका."

मी त्या भंगारवाल्याला फोनवर पाच मिनिटं झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दखनीत विचारलं, "किसकू बात करनी है साब? मैं तो ड्रायवर हूं." नागेशनं बॅटरी परत पाठवली. माझा रक्तदाब कुणी मोजला नाही म्हणून बरं.

दुसरी बॅटरी पंचमीच्या दोन दिवस आधी आली. नंबर जुळला, कनेक्टर जुळलं. मी हात जोडले. मला वाटलं, आता उचलून ठेवायची, चार नट आवळायचे, झालं. पण नागेशनं ती पेटी उघडली. आत अठ्ठावीस चपट्या पेट्या, पुस्तकं लावावी तशा एकाला एक लावलेल्या. त्यानं हेडलाइटचा एक बल्ब घेतला आणि एकेका पेटीला जोडून दोन-दोन मिनिटं पेटवत बसला. किती वेळात किती दम उतरतो ते मीटरवर बघायचं आणि खडूनं त्या पेटीवर लिहायचं. अठ्ठावीस वेळा. मी तीन कप चहा प्यालो, दोन वर्तमानपत्रं वाचली, त्यातलं एक कन्नड.

"पंचवीस बराबर हायत," तो अखेर म्हणाला. "तीन कमजोर. तुमच्या जुनीतल्या कडेच्या पेट्या कमी तापलेल्या असत्यात, त्यातल्या तीन काढून घालतो. मंग समद्या एका पातळीवर आनाय लागत्यात. हळूहळू चार्ज करून, सोडून, परत चार्ज करून."

"किती वेळ?"

"तीन दिवस."

"परवा पंचमी हाय, नागेश."

"ठावं हाय काका. तसंच बसवली तर चालंल बी. आठ दिवस, पंधरा दिवस. मंग एक पेटी बसली की बाकीच्या तिच्या मागं बसत्यात. काकूला रस्त्यात आळंदच्या माळावर उतरून बसावं लागलं तर?"

मी त्याला नाही नाही ते बोललो. हैदराबादेत हेच शिकलास का, गिऱ्हाइकाची गरज कळत नाही का, तुला आई-बहीण आहे की नाही. तो ऐकत राहिला. शेवटी मी म्हणालो, तू बसव, जबाबदारी माझी. तेव्हा त्यानं खिशावर हात ठेवला, जिथं तो नारिंगी प्लग होता.

"ह्यो माज्या खिशात हाय तवर ही गाडी कुनालाच चालू करता यायची न्हाई. तुमालाबी न्हाई, मलाबी न्हाई. तेच्यासाठीच खिशात ठिवतात."

मी जीप काढली आणि मंठाळपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येकावर हॉर्न वाजवत आलो.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी दारात दुधाचा पिकअप येऊन थांबला. डिझेलचा. आमच्या जीपपेक्षा जुना. त्यातून उतरली अमृतप्पाची मुलगी मंजुश्री, चोवीस वर्षांची, पायात स्लीपर, ओढणी कमरेला गुंडाळलेली. हिप्परग्यापासून आळंदच्या डेअरीपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन ही पोरगी नेते, हे ऐकून होतो. बघितलं नव्हतं.

"अण्णा कुठाय?" मी विचारलं.

"अण्णाचे गुडघे गेलेत मामा. मीच आलाव मुराळी."

"पोरगी मुराळी असती का कुठं?"

"अण्णाला पोरगा न्हाई. मंग पंचमी रद्द करायची का?" असं म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. "आत्या, आवरली का?"

सुमनची पिशवी भरलेली होती. सकाळपासूनच भरलेली असावी. मी तिला समजावलं. म्हणालो, या गाडीत दुधाचा आंबूस वास असेल, त्यात डिझेल, त्यात ही पोरगी चालवणार. तू पोचशील तेव्हा तुझ्यापेक्षा चन्नव्वाच धडधाकट वाटेल. चार दिवस थांब, मी घेऊन जातो. सुमन म्हणाली, "पंचमी चार दिवसांनी न्हाई, उद्या हाय." मग मी तिच्या पिशवीत चार लिंबं घातली, गोळ्या घातल्या, प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, आणि मंजुश्रीला बजावलं की पहिल्याच पुलावर थांबावं लागेल. ती म्हणाली, "बरं मामा." गाडी इतकी संथ निघाली की मला वाटलं बंद पडतेय.

मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलो. पुलाची वेळ झाली. फोन नाही. आळंदची वेळ झाली. फोन नाही. बेशुद्ध पडली असेल, असं माझ्या मनात आलं. अखेर मीच लावला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"कधी पोचलात? कशी हायस?"

"मघाशीच. जेवायलाव," सुमन म्हणाली. "शेंगाची चटणी केलीय अक्काच्या सुनंनं. मंग करते फोन."

ती जेवत होती. गाडीतून उतरून जेवत होती. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला झोंबलं. तेहेतीस वर्षं मी पुलांवर थांबलो, तिची पाठ चोळली, तांब्या धरला, लाखाची गाडी भंगारातून उठवायला सतरा दिवस जीव काढला, आणि ही दुधाच्या पिकअपमध्ये बसून गेली आणि चटणी खातेय.

पंचमी मी एकट्यानं काढली. तिचा नेम असा की त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, लोखंड लावायचं नाही. ती घरात नसली तरी नेम होताच. मी लाह्या आणि दूध खाल्लं आणि दिवसभर फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागेशचा फोन आला, गाडी तयार आहे. त्यानं खिशाचं बटण काढलं, प्लग बसवला, कळ दाबली. इंजिनाचा आवाज न होता गाडी जागी झाली. लाल त्रिकोण नाही. पंख्याची घरघर नाही. सीटवर गोधडी नाही, आणि जाळीभोवती त्यानं लाल रंगानं चौकट आखून ठेवली होती, जशी लहान पोरांसाठी आखतात. मी त्याला थोडं बोललो होतो त्याबद्दल काही म्हणावं असं वाटलं, पण तो म्हणाला, "येक ध्यानात ठिवा काका. पयले शे-दीडशे किलोमीटर पडद्यावर काई दिसायचं न्हाई. गाडीची जुनी याद पुसलीय. मार्क-बिर्क न्हाईत." आणि माझं बोलणं राहून गेलं.

मार्कच नाहीत, तर पान कुणासाठी हिरवं ठेवायचं? मी मोकळ्या हातानं गाडी सोडली. दोन म्हशींना, एका उसाच्या ट्रॅक्टरला आणि रस्त्यात मोबाइलवर बोलणाऱ्या एका इसमाला जे सांगायचं ते सांगितलं. चन्नव्वासाठी पेढ्यांचा डबा घेतला होता. मंठाळवरून मादन हिप्परग्याला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचलो.

लिंबाला झोका अजून बांधलेला होता. चन्नव्वा खाली बाजेवर टेकून बसली होती आणि सुमन तिच्या डाव्या हाताशी. मला बघून चन्नव्वानं अर्ध्या तोंडानं हसून काहीतरी म्हटलं. सुमननं सांगितलं, "मनायलीय, आणली का तुमची दवाखान्यातली गाडी."

मी मंजुश्रीला म्हणालो, "काय गं, आत्याला गोळी दिलतीस का?"

"न्हाई मामा."

"मग लागलं कसं न्हाई? डिझेलचीच हाय की."

"मला काय ठावं. मी तर रोजच्यागत चालवली. मागं दूध असतंय न्हवं, जोरात ब्रेक मारला की झाकणं उडत्यात अन् डेअरीत पोचस्तवर निम्मं खाली सांडतंय."

निघायच्या वेळी सुमन पिशवी ठेवायला गाडीपाशी आली. मागचं दार उघडलं आणि थांबली. मी आत न्यायला विसरलेला पेढ्यांचा डबा सीटखाली उपडा पडला होता, पेढे पायपुसण्यावर. तिनं ते एकेक करून उचलले, डब्यात भरले, माझ्याकडं बघितलं आणि परत घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लिंबू होतं.

"लिंबू कशाला? बॅटरी बसवलीय," मी म्हणालो.

"बॅटरीचं काय न्हाई त्यात." ती पुढच्या सीटवर बसली. मीही बसलो. ती हळू आवाजात, हातातल्या लिंबाकडं बघत बोलली. "शेजारच्या अंजूच्या लग्नाला मी भालकीला गेलते, तिच्या भावाच्या जीपमधी. तवाबी काई झालं न्हाई. आपल्या लग्नाला तवा दोन वरसं झालती."

"मनजे तुला तवापासनं ठावं हाय?"

"व्हय."

"मग मला बोललीस कामून न्हाईस?"

"बोलले की. येकदा. आळंदच्या अलीकडल्या पुलावर. मनलं, जरा हळू चालवा. तुमी गाडी थांबवून खाली उतरलाव. चावी माझ्या मांडीवर टाकलाव अन् मनलाव, ये, तूच चालव. मागं बस थांबलती. समदी मानसं खिडकीतनं बघायलती."

मला हे आठवत नाही. कितीही आठवून बघितलं तरी आठवत नाही. तिला मात्र बस कुठली होती तेसुद्धा आठवत असावं.

"अन् ही गाडी?" मी विचारलं.

"मीच मागून घेतली बालाजीकडनं. त्यानं पुण्यात मला फिरवलं, तवा ते पान बघितलं. इचारलं, हे काय. तो मनला, नीट चालवलं की मार्क पडत्यात." तिनं लिंबाला नख लावलं नाही, नुसतं धरून ठेवलं. "मनलं, माझं तर आयकायचे न्हाईत. मार्क पडत असतील तर आयकतील."

बाहेर अमृतप्पा हात हलवत उभा होता. मीही हलवला. मला लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना. तेहेतीस पंचम्या. त्यातल्या किती चन्नव्वाबरोबर झोक्यावर गेल्या असत्या ते मोजायचा मला धीर झाला नाही.

मी कळ दाबली. पडदा काळा होता. पान नाही, खाने नाहीत, काही नाही.

हिप्परगा ते मंठाळ मी चालवली. पहिले दहा किलोमीटर मला पायाचं काही कळत नव्हतं. मग मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्या हाताकडं बघू लागलो. वळणावर तिची बोटं लिंबाभोवती आवळली की पाय उचलायचा. सैल सुटली की दाबायचा. आळंदजवळ शेरडांचा कळप आडवा आला. जिभेवर आलेलं मी गिळलं, पण पाय थोडा जोरात पडलाच. पूल आला. मी विचारलं, थांबू का. ती म्हणाली, "कशाला?" पूल मागं गेला.

दारात गाडी उभी केली तेव्हा सवयीनं माझी नजर पडद्याकडं गेली. तिच्या लक्षात आलं.

"पासष्ट," ती म्हणाली. "शेरडांपाशी कमी पडले."

शेरडांचे एवढे मार्क कापायचं कारण नव्हतं, असं मला स्पष्ट वाटलं. मी कळ दाबून गाडी बंद केली.

तिनं वरण-भात टाकला. ताटावर बसलो तेव्हा पंचमी उलटून गेली होती. तिनं विळी घेतली, ते लिंबू मधोमध चिरलं, अर्धं माझ्या वरणावर पिळलं आणि अर्धं स्वतःच्या.